अडीच फुटांचं रेलिंग आणि चुंबकाची परीक्षा

परवा रात्री ताईने एक मेसेज पाठवला. वर तीन लाल बाण, 'फॅब्रिकेटर तुम्हाला हे कधीच सांगणार नाही', आणि खाली 'पुढे पाठवा, कुणाचे तरी पैसे वाचतील'. हाच मेसेज गेल्या महिन्यात सोसायटीच्या ग्रुपवर आला होता, एका चुलतभावानेही धाडला होता. दोन्ही वेळा मी सोडून दिला. पण ताईच्या बडोद्यातल्या, कारेलीबागेतल्या घराचं काम सध्या चालू आहे, पहिल्या मजल्याची गॅलरी आणि वरची अगाशी, म्हणजे गच्ची, या दोन्हींचं जुनं रेलिंग काढून झालंय, आणि मेसेजखाली तिने लिहिलं होतं, 'अरे, असंच करायला सांगू ना उद्या?' आता गप्प बसून कसं चालेल?

मेसेज थोडक्यात असा. स्टीलला चुंबक चिकटलं नाही की ते अस्सल ३०४ (स्टेनलेस स्टीलची एक चांगली ग्रेड), डोळे मिटून घ्या. रेलिंगची उंची अडीच फूट पुरे, त्यापेक्षा जास्त ठेवली तर खुर्चीत बसून बाहेरचं दिसत नाही आणि हवा अडते. उभे गज लावू नका, घराला तुरुंगाची कळा येते आणि वास्तुदोष लागतो. आडवे पाइप लावा, ऊर्जा खेळती राहते. टफन्ड काच फुटतच नाही. लोखंड आता कुणी लावत नाही. पाइप जितका जाड दिसेल तितका मजबूत.

उंची आणि आडवे पाइप यांच्यापासून सुरू करतो, कारण इथे चुकलं तर जिवावर बेततं, बाकीचं चुकलं तर बहुधा पैसेच जातात.

अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर. भारतीय मानक ब्युरोच्या राष्ट्रीय बांधकाम संहितेत (२०१६, भाग ३) गच्ची, बाल्कनी, व्हरांडा यांच्या कडेच्या कठड्याची आणि रेलिंगची उंची स्पष्ट दिली आहे: तयार फरशीपासून किमान १ मीटर, जास्तीत जास्त १.२ मीटर. आपल्या भाषेत सव्वातीन फुटांच्या जरा वर ते चार फुटांना इंचभर कमी. संहिता म्हणजे कायदा नव्हे, शहरं त्यावर आपापले नियम बेततात, हे मान्य. पण मेसेज लिहिणाऱ्याने अडीच फूट कुठून आणले, तेही कळू दे की!

या १ मीटरमागे साधा हिशोब आहे. उभ्या माणसाच्या वजनाचा मध्य बेंबीच्या थोडा खाली, उंचीच्या साधारण ५५ टक्क्यांवर असतो. साडेपाच फुटी माणसाचा म्हणजे ९२ सेंटिमीटरच्या आसपास. रेलिंग त्याच्या वर असेल तर धडकलेला माणूस आतच राहतो. खाली असेल तर तेच रेलिंग त्याला मांडीपाशी अडवतं आणि वरचं धड पुढे जातं. आता बडोद्यात बसून अगाशीचं रेलिंग ठरवताना १४ जानेवारी, उत्तरायणाची पतंगबाजी, आठवू नये? अख्खं गाव अगाशीवर. नजर आभाळात, दोन्ही हात दोरीवर, फिरकी दुसऱ्याच्या हातात, आणि पेच लागला की माणूस ढील देत देत उलटा चालतो. त्याची पाठ कठड्याला लागेपर्यंत त्याला कठडा आठवत नाही. त्या दिवशी खुर्चीत बसून बाहेरचं बघणारा एकही माणूस मला आजवर अगाशीवर दिसलेला नाही. आणि दुसऱ्या दिवशी वासी, म्हणजे शिळं, उत्तरायण असतंच, पुन्हा पतंग.

आता आडवे पाइप. ताईने फॅब्रिकेटरचं चित्र पाठवलं होतं: पाच पाइप, दर १५ सेंटिमीटरला एक, सगळ्यात वरचा ७६ वर. याला रेलिंग म्हणा हवं तर, मला ती शिडी दिसते. ताईची नात चिऊ साडेतीन वर्षांची आहे. दिवाळीत तिने स्वयंपाकघरातल्या स्टीलच्या मांडणीच्या दुसऱ्या फळीवर उभं राहून शंकरपाळ्यांचा डबा काढला होता. आम्ही सगळे हसलो, व्हिडिओपण काढला. तीच चिऊ या रेलिंगच्या तिसऱ्या पाइपवर, म्हणजे ४५ सेंटिमीटरवर, उभी राहिली की पुढे आड उरतं ३१ सेंटिमीटर. माझ्या वितीने दीड वीत. तिच्या मांडीला लागेल, बस्स. ब्रिटनच्या बांधकाम नियमांत तर लहान मुलं जिथे असतील तिथलं रेलिंग मुलाला सहज चढता येईल असं नको आणि त्याच्या फटीतून १०० मिलिमीटरचा गोळा पार होता कामा नये, असं लिहिलंय. चार इंच. उभे गज त्या अंतराने लावले की पाय ठेवायला जागाच मिळत नाही.

आणि तुरुंगाचं काय? रावपुऱ्यात, दांडिया बाजारात आपल्या जुन्या घरांच्या खिडक्यांना आणि गॅलऱ्यांना उभे गजच होते. आमची आजी त्या गजांना टेकून रस्त्यावरचा गणपती बघायची. तिला कधी कैदेत असल्यासारखं वाटल्याचं ऐकलं नाही. वास्तुशास्त्रावर मी वाद घालत नाही, पण पाइप आडवा घातल्याने ऊर्जा खेळती राहते म्हणणाऱ्याने निदान तो पाइप कुठल्या बाजूने पोकळ असतो ते सांगावं.

याच मुद्द्यात एक खोच आहे, ती मेसेजमध्ये नाही आणि फॅब्रिकेटरही बोलत नाही. ताईच्या गॅलरीला कडेने फूटभर उंच विटांचा ओटा आहे, कुंड्या ठेवायला. त्यावर दोन फुटांचं रेलिंग बसवलं की फरशीपासून तीन फूट भरतात, मीटरला कमीच, तरी सगळे खूश. पण पोर उभं राहणार ओट्यावर. तिथून रेलिंग दोनच फूट! टेप जिथे पाय टेकतो तिथून लावायचा. एसीचं बाहेरचं युनिट, मोठी कुंडी, पाण्याचा पिंप रेलिंगला चिकटून असेल तर तिथूनही.

चुंबकाचं अर्धं खरं आहे, देऊन टाकतो. चुंबक घट्ट चिकटलं तर तो माल ३०४ नाही, एवढं त्याने कळतं. पण न चिकटलं म्हणजे ३०४ हे साफ चूक. बाजारात ३०४ म्हणून खपवलं जाणारं २०२ सुद्धा चुंबकाला दाद देत नाही. ३०४ मध्ये साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल. निकेल महाग, म्हणून २०२ मध्ये ते ४ ते ६ टक्क्यांवर आणून मँगनीज वाढवतात. दिसायला तीच चकाकी, गंज मात्र लवकर. उलट खरा ३०४ चा पाइप वाकवला की त्या बाकापाशी चुंबक हलकंसं ओढतं. म्हणजे या परीक्षेने तुम्ही अस्सल माल परत पाठवाल आणि नकली घरी आणाल. स्टीलवाल्यांकडे एक टेस्टिंगचं लिक्विड मिळतं: थेंब टाकायचा, छोटी बॅटरी लावायची, मँगनीजवाल्या स्टीलवर लाल रंग येतो. ते करून घ्या आणि बिलावर ग्रेड लिहून घ्या. बिल म्हटल्यावर आवाज बदलला तर परीक्षा तिथेच संपली.

अस्सल ३०४ सुद्धा डागाळतं बरं का. माझ्या घरी बसवून पंधरा दिवस झाले नाहीत तोच पाइपांवर तपकिरी ठिपके. भांडायला गेलो तेव्हा कळलं की टाइलवाल्याच्या पोराने शेवटच्या दिवशी फरशी अ‍ॅसिडने धुतली होती आणि शिंतोडे, वाफा सगळं रेलिंगवर. फरशी आधी धुऊन घ्या, रेलिंग मग.

काच फुटत नाही? टफन्ड काच साध्या काचेच्या चार-पाच पट ताकदीची असते, छातीवर झेलते, कोपऱ्यावर नाही. कडेला टणक काही लागलं की अख्खी काच वाटाण्याएवढे तुकडे होऊन खाली येते, आणि क्वचित आतल्या निकेल सल्फाइडच्या कणामुळे कुणी हात न लावताही. तुकडे बोथट असतात, ठीक आहे, पण रेलिंग गेलं ना! काचच हवी तर दोन टफन्ड काचांमध्ये पडदा चिकटवलेली लॅमिनेटेड घ्या. ती फुटली तरी जागेवर राहते.

लोखंडाचं म्हणाल तर रेड ऑक्साइडचा प्रायमर नीट मारून दर दोन-तीन वर्षांनी रंग दिला की ते पिढीभर टिकतं. जाड पाइप म्हणजे मजबूत हेही तसंच. दोन इंची पाइप २० गेजचा (गेजचा आकडा मोठा तितका पत्रा पातळ) असेल तर पत्रा मिलिमीटरभरही नाही, दीड इंची १६ गेजचा त्याच्यापेक्षा वजनाने जास्त भरतो. वजन करून घ्यायचं. आणि बेस प्लेटचे बोल्ट टाइल-मसाल्यात अडकून न राहता खालच्या स्लॅबमध्ये गेलेत का, ते ड्रिल चालू असताना तिथे उभं राहून बघायचं. हा मुद्दा मेसेजमध्ये नव्हताच, आणि हललेली रेलिंगं मी पाहिलीत ती बहुतेक इथेच हललेली.

ताईला सकाळी फोन करून सगळं सांगितलं. ती म्हणाली, 'उभे गज तर उभे गज, पण भावोजींना तू समजाव, त्यांनी पाच जणांना फॉरवर्ड केलंय.' भावोजींच्या ग्रुपवर मी फक्त 'किमान १ मीटर, गज उभे, फट चार इंच' एवढं लिहिलं. खाली दोन नमस्कार आणि एक गुलाबाचं फूल आलं. फॅब्रिकेटर रविवारी माप घ्यायला येतोय, टेप मी माझा नेणार आहे.