रेपियर म्हणजे काडी? आधी हातात धरून बघा

एक मजकूर सध्या सगळीकडे फिरतोय. त्यातले मुद्दे थोडक्यात असे: इटालियन रेपियर (युरोपातली लांब, सरळ तलवार) ही हलकी, शोभेची काडी, तिला धार नसते, तिने फक्त टोचता येतं, मनगटाला वेग असला की काम झालं, गुरुपरंपरा तुटल्यामुळे आज शिकवतात तो कल्पनेचा खेळ, आणि शेवटी, आपल्या दांडपट्ट्यापुढे ती टिकलीच नसती.

वजनाचं आधी उरकतो. आजच्या तलवारबाजीच्या स्पर्धेत एपे नावाची तलवार असते, तिला 770 ग्रॅमची मर्यादा आहे. जुन्या रेपियर बहुतेक एक किलोच्या पुढे भरतात आणि पातं मीटरभर किंवा त्याहून लांब. हात पुढे ताणून पाच मिनिटं धरा, खांदाच काय ते सांगेल.

धारेचंही तसंच. इटालियन उस्ताद तिला रेपियर म्हणतच नसत, नुसतं 'स्पादा' म्हणजे तलवार म्हणत. भोसकणं त्यांना जास्त पसंत होतं हे खरं, पण त्यांच्यातल्याच कापो फेर्रोच्या 1610च्या ग्रंथात उजवे-डावे वार नावानिशी आहेत. धारच नसती तर त्यांची दखल कशाला घेतली असती?

खरा घोळ आहे तो वेगाच्या मुद्द्यात. नवशिक्या तलवार हातात आली की भसकन पुढे घुसतो आणि समोरच्याचं टोक छातीवर घेतो. दोघांनी एकमेकांना गाठलं, की दोघेही मेले. एपेत 40 मिलिसेकंदांच्या आत दोघांचे स्पर्श झाले तर दोघांनाही गुण मिळतात. खऱ्या द्वंद्वात दोन तिरड्या उठल्या असत्या. म्हणून या विद्येत पहिला धडा असतो 'स्त्रिंजेरे'चा. आपल्या पात्याचा मुठीकडचा बळकट भाग समोरच्याच्या टोकाकडच्या दुबळ्या भागावर असा आणायचा, की त्याचं टोक आपल्या अंगावरून बाजूला सरकतं. ढकलायचं नाही, नुसती वाट अडवायची. आता त्याला वाट मोकळी करायची तर टोक आपल्या पात्याखालून पलीकडे न्यावं लागतं. तेवढ्या हालचालीला लागणारा वेळ म्हणजे 'तेम्पो', आणि घाव घालायचा तो त्याच वेळात. तोही आधी हात, मग अंग, शेवटी पाय या क्रमाने. पाय आधी टाकलात तर अंग उघडं पडतं. अंतर आणि वेळ ज्याला कळते, त्याच्यापुढे वेगवान माणूस फसतो. अशा वेगवान माणसापुढे हूल देणाऱ्याचं तर फारच फावतं.

परंपरा तुटली, हे कबूल. पण जुन्या इटालियन लेखकांचे ग्रंथ मागे उरलेत, ते थोडे नाहीत. अग्रिप्पाने 1553मध्ये रोममध्ये चार मुख्य पवित्रे भूमितीच्या आकृत्यांनी मांडले. (हा गृहस्थ अभियंता, पुढे रोममधला ओबेलिस्क, म्हणजे उंच दगडी स्तंभ, कसा हलवावा यावरही त्याने लिहिलं.) 1606मध्ये व्हेनिसला जिगांतीचं पुस्तक निघालं, त्याच वर्षी कोपनहेगनला फाब्रिसचं. फाब्रिसच्या चित्रांतली माणसं जवळजवळ उघडी आहेत. लोक हसतात, पण अंगाचा पीळ आणि वजन कुठल्या पायावर आहे ते त्यामुळेच स्पष्ट दिसतं. चित्र हलत नाही, त्यामुळे दोन पवित्र्यांमधली चाल कशी होती यावर आजही वाद होतात. पण तो वाद मजकुरातल्या एकेका वाक्यावरून होतो, हवेतून नाही.

राहता राहिला पट्टा. त्याची मूठ पोलादी हातमोज्यात असते, मनगट वाकत नाही, वार खांद्यातून आणि अख्ख्या अंगाच्या गिरकीतून येतो. दोन्हींची कामंच वेगळी, सामना कुणी लावलाय? शिवाय कित्येक पट्ट्यांना पाती युरोपातून आलेली बसवत. तशा पात्याच्या सरळ तलवारीला आपल्याच लोकांनी नाव दिलं होतं, फिरंग.