खुलासा : ‘ट्रेंड’च्या उलट ‘घसरण’ नव्हे

‘ट्रेंडचा विरुद्धार्थी शब्द : घसरण’ अशी ओळ असलेली शब्दयादी सध्या फिरतेय. परवा ती मीही न तपासता पुढे ढकलली होती, म्हणून हा खुलासा.

ट्रेंड म्हणजे वाढ नव्हे, कल. मूळ जुन्या इंग्रजी क्रियापदाचा अर्थही वळणे, फिरणे असाच. त्यात वर-खाली काही नाही. आकडे मांडून बघा. १०, १२, १४, १६ हा चढता कल. १६, १४, १२, १० हा उतरता, पण कलच! घसरण ही ‘वाढी’च्या उलट. आता १२, १५, ११, १४, १२ बघा : नुसती वरखाली, दिशा कुठलीच नाही. आकडेवारीत कलाच्या उलट काही म्हणायचंच, तर हे.

फॅशनबद्दल बोलताना मात्र ‘कालबाह्य’ चालेल. ‘प्रवाहाविरुद्ध’ हाही शब्द त्या यादीत आहे, पण प्रवाहाविरुद्ध जायला आधी प्रवाह तर हवा ना! सगळीकडे चपखल बसेल असा एकच शब्द मला तरी मराठीत सापडलेला नाही.

ती यादी कृपया पुढे पाठवू नका. माझ्याकडून आली असेल तर खोडून टाका.