शुगरची गोळी सोडायला लावणारी 'दाजीपूरची कीडाजडी'

गेल्या रविवारी कोल्हापुरात शिवाजी पेठेत आत्तीकडं जेवायला गेलो होतो. ताट उचलल्यावर तिनं औषधांचा डबा काढला, शुगरची मेटफॉर्मिन गोळी सुरीनं निम्मी केली आणि अर्धी परत पाकिटात ठेवली. विचारलं तर म्हणाली, "आता निम्मीच घेतो रं. पुढच्या महिन्यात ती पण बंद. ही मशरूमची सुरू केल्यात न्हवं." शेजारी पांढरी बाटली होती. ६० कॅप्सूल, २,४०० रुपये. त्या सकाळची उपाशीपोटीची शुगर २१४. दोन महिन्यांमागं ती १३२ होती.

तिनं ज्याच्यावर विश्वास ठेवला तो मेसेज आमच्या भावकीच्या ग्रुपवर तीनदा आणि तालमीच्या ग्रुपवर दोनदा येऊन गेलाय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: आपल्या जिल्ह्यातल्या दाजीपूरच्या जंगलातली कीडाजडी (इंग्रजीत कॉर्डिसेप्स) आणि गॅनोडर्मा ही अळिंबी, म्हणजे मशरूम, एकत्र घेतली की तीन महिन्यांत शुगर-बीपीची गोळी सुटते. चीनच्या धावपटूंनी हेच खाऊन विक्रम मोडले. जपानमध्ये हे कॅन्सरवर सरकारमान्य आहे. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षा खात्याचा) नंबर आहे, म्हणजे सरकारनं तपासलंय. आणि नैसर्गिक असल्यामुळं साईड इफेक्ट नाहीत.

मी करवीर तालुक्यात धिंगरी अळिंबीचं (ऑयस्टर मशरूमचं) युनिट चालवतो. माझं घर अळिंबीवर चालतं, तिला नावं ठेवायचं मला काही कारण नाही. पण या मेसेजमुळं माणसं गोळ्या सोडायला लागलीत, म्हणून लिहितोय.

आधी शुगरचं. हा दावा कुणी तपासलाच नाही असं नाही. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी टाइप २ मधुमेह असलेल्या ८४ जणांवर रीतसर चाचणी घेतली, ती २०१६ साली छापून आली. तीन गट केले: एकाला नुसतं गॅनोडर्मा, दुसऱ्याला गॅनोडर्मा आणि कीडाजडी, तिसऱ्याला औषध नसलेली हुबेहूब कॅप्सूल. म्हणजे आत्तीच्या बाटलीवर लिहिलेली जोडीच त्यांनी तपासली. गॅनोडर्माचा डोस दिवसाला ३ ग्रॅम, असं १६ आठवडे. तीन महिन्यांची सरासरी शुगर बघा नाहीतर उपाशीपोटीची बघा, फरक पडला नाही. आत्ती दिवसाला ५०० मिलिग्रॅमच्या दोन कॅप्सूल घेते, म्हणजे सगळं मिळून एक ग्रॅम. त्याच्या आदल्या वर्षी कोक्रेन या वैद्यकीय संशोधनाचे आढावे घेणाऱ्या संस्थेनं पाच चाचण्या आणि ३९८ माणसांचा आढावा घेतला होता. निष्कर्ष तोच, की मधुमेह्यांच्या शुगर-बीपी-कोलेस्टेरॉलसाठी गॅनोडर्मा वापरावं असा पुरावा नाही.

वाढलेली शुगर दुखत नाही, म्हणून माणूस गाफील राहतो. डोळा, किडनी, पायाच्या नसा आतून खराब होत असतात आणि कळतं तेव्हा जखम भरत नसते. मेटफॉर्मिन स्वस्त गोळी आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. ती सोडायला लावणारा मेसेज पुढं पाठवताना हात थांबायला पाहिजे होता.

आता दाजीपूर. कीडाजडी म्हणजे जमिनीखाली राहणाऱ्या एका पतंगाची अळी. बुरशी तिच्या शरीरात शिरते, तिला मारते आणि बर्फ वितळला की अळीच्या डोक्यातून काडीसारखी वर येते. हे घडतं हिमालयात आणि तिबेटच्या पठारावर, साधारण ३,००० मीटरच्या वर. उत्तराखंडात पिथौरागड, चमोलीकडची माणसं मे-जूनमध्ये गुडघ्यांवर रांगत ती शोधतात. आपल्या राज्यातलं सगळ्यांत उंच शिखर कळसूबाई, ते १,६४६ मीटर. दाजीपूर त्याच्याही कितीतरी खाली. तिथं गवे आहेत, कीडाजडी नाही.

भावाचाही हिशोब करा. खरी कीडाजडी किलोला कित्येक लाखांनी जाते. पाच लाख धरले तरी ग्रॅमला ५०० रुपये. बाटलीतला निम्मा माल कीडाजडी असेल तर ते १५ ग्रॅम, म्हणजे नुसत्या मालाचेच साडेसात हजार. मग बाटली २,४०० ला कशी मिळते? बाजारात कीडाजडी म्हणून येतो तो बराचसा माल कॉर्डिसेप्स मिलिटॅरिस असतो, नारिंगी रंगाची, बरणीत तांदळावर वाढवता येणारी दुसरी जात. तसं लिहून विकली तर माझी काही तक्रार नाही.

या बाटलीवर मात्र बारीक अक्षरात 'मायसेलियम बायोमास' लिहिलंय. आम्ही रोज हे हाताळतो. ज्वारी-गहू उकडायचा, पिशवीत भरून निर्जंतुक करायचा, त्यावर बुरशीचे तंतू वाढवायचे. त्याला आम्ही स्पॉन म्हणतो आणि बी म्हणून काडात पेरतो. तोच दाण्यासकट वाळवून दळला की बायोमास होतो. त्यात धान्याचं पीठ किती, हे कोण सांगणार? मी आत्तीच्या ओट्यावर दोन बश्या घेतल्या. एकीत तिची कॅप्सूल फोडली, दुसरीत माझ्याकडची वाळलेल्या धिंगरीची पूड. दोन्हींत पाणी आणि टिंक्चर आयोडीनचे दोन-दोन थेंब. माझी पूड तपकिरी-पिवळीच राहिली. कॅप्सूलची बशी शाईसारखी निळी-काळी झाली. आयोडीन लागल्यावर स्टार्चला, म्हणजे धान्याच्या पिठातल्या पिष्टाला, येतो तो हा रंग. आत अळिंबी अजिबात नाही असं यावरून ठरत नाही, पण पीठ भरपूर आहे हे दिसतं. बाटलीवर अभिमानानं छापलेलं 'पॉलिसॅकराइड ४० टक्के' त्यातूनही भरतं, कारण स्टार्च हाही पॉलिसॅकराइडच. विचारायचं असतं ते अळिंबीतलं बीटा-ग्लुकन, म्हणजे स्टार्चहून वेगळं पॉलिसॅकराइड, किती. मी विक्रेत्याला फोन करून विचारलं. त्यानं बाटली परत घेतो म्हणून सांगितलं, आकडा सांगितला नाही.

चीनच्या धावपटू १९९३ साली गाजल्या हे खरं. प्रशिक्षक मा जुनरेन यांनी श्रेय कीडाजडीला दिलं होतं. २००० च्या सिडनी ऑलिंपिकआधी त्यांच्याच अनेक खेळाडूंना उत्तेजकांसाठीच्या रक्ततपासणीनंतर संघातून वगळलं, हे मेसेजात नाही.

जपानची गोष्ट अर्धी खरी आहे, ते मान्य करतो. तिथं १९७७ मध्ये एका अळिंबीपासून काढलेल्या पीएसके या अर्काला मान्यता मिळाली, केमोथेरपीच्या जोडीला तो दिला जायचा. पण ती अळिंबी ट्रॅमेटिस, या बाटलीत ती नाहीच. आणि जोडीला म्हणजे केमोऐवजी नव्हे.

एफएसएसएआयचा चौदा आकडी नंबर हा खाद्यपदार्थ बनवायचा-विकायचा परवाना. त्यानं रोग बरा होतो असं कुठं ठरतं? याच बाटलीवर मागं इंग्रजीत छापलंय की हे औषधी वापरासाठी नाही. मधुमेह बरा करतो अशी जाहिरात करायला तर १९५४ च्या कायद्यानंच बंदी आहे. साईड इफेक्टचं म्हणाल तर गॅनोडर्माच्या पावडरीनंतर लिव्हर बिघडल्याच्या नोंदी हाँगकाँग आणि थायलंडच्या डॉक्टरांनी केल्यात. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हात लावू नये.

आत्तीनं परवापासून पूर्ण गोळी सुरू केलीय, सोमवारी तिला तपासणीला नेतोय. बाटली माझ्याकडं आहे, अजून ४१ कॅप्सूल शिल्लक आहेत. भावकीतल्या ज्याला ती बशी स्वतः बघायची आहे त्यानं युनिटवर यावं, आयोडीन मी आणून ठेवलंय.