‘योजना कपाटातच राहते’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

इतकं सविस्तर आणि परखड लिहिलंत, म्हणून उत्तरही जरा लांबणार आहे. ज्यांनी तुमची प्रतिक्रिया वाचली नाही त्यांच्यासाठी तिचा सारांश असा. पंचवार्षिक धोरणात्मक योजना म्हणजे कागदी घोडे, परिस्थिती सहा महिन्यांत पालटते, पोझिशनिंग (म्हणजे इतरांच्या तुलनेत आपली जागा आणि ओळख ठरवणं) हे साबण विकणाऱ्यांचं काम, आणि सेवाभावी संस्थेनं ‘आलेल्या कोणाही गरजूला नाही म्हणायचं नाही’ एवढं पाळलं तरी पुरे. शिवाय सल्लागार फी घेऊन मोकळे होतात, हा टोला. त्यावर मी वाद घालत नाही.

कागदी घोड्यांबद्दल तुमच्या बाजूनं बोलणारे थोर लोक आहेत. व्यवस्थापनाचे अभ्यासक हेन्री मिंट्झबर्ग यांनी १९९४ मध्ये अख्खं पुस्तक लिहून सांगितलं, की नियोजन म्हणजे विश्लेषण. त्यातून धोरण आपोआप जन्मत नाही. त्याच्या कितीतरी आधीपासून ते ‘ठरवलेलं धोरण’ आणि ‘घडत गेलेलं धोरण’ असा फरक करत होते. प्रत्यक्षात दिसतं ते या दोहोंचं मिश्रण.

तुमच्या बाजूचं सगळ्यात भक्कम उदाहरण तर मीच देतो. इंटेल ही कंपनी मेमरी चिप्सवर उभी राहिली. जपानी कंपन्यांनी त्या बाजारात तिला मागे रेटलं आणि १९८५ मध्ये तिनं डीरॅम या प्रकारच्या मेमरी चिप्समधून अंग काढून घेतलं. पण हा निर्णय वरिष्ठांनी घेतला तोवर कारखान्यात तो बराचसा होऊन गेला होता. उत्पादनक्षमता कोणाला द्यायची याचा तिथे एक साधा नियम होता : ज्या चिपमधून प्रत्येक वेफरमागे (चिप्स जिच्यावर घडवतात त्या सिलिकॉनच्या चकतीमागे) जास्त नफा, तिला आधी जागा. त्या नियमानं मधल्या फळीतल्या लोकांनी महिनोन्‌महिने मेमरीकडून मायक्रोप्रोसेसरकडे, म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या चिपकडे, क्षमता वळवली. कुठल्याही योजनेत हे लिहिलेलं नव्हतं.

झालं की मग, योजना नकोच, असं म्हणाल. थांबा. त्याच काळात संशोधनाचा मोठा पैसा मेमरीवरच खर्च होत होता, कारण ‘आपण मेमरीवाले’ ही ओळख कोणी बदलली नव्हती. कारखाना एकीकडे आणि प्रयोगशाळा दुसरीकडे ओढत होती. ही ओढाताण थांबायला कोणीतरी ‘आपण आता हे करणार नाही’ असं उघड म्हणावं लागलं. दुसरं म्हणजे, वाटपाचा तो नियम नेमका आणि सगळ्यांना माहीत होता, म्हणून तो निदान योग्य दिशेला घेऊन गेला. तुमच्या संस्थेत वेळ आणि पैसा कुठल्या नियमानं वाटला जातो? मी पाहिलेल्या बऱ्याच संस्थांमध्ये ज्या देणगीदाराच्या अहवालाची तारीख जवळ आली, त्याचं काम आधी होतं. म्हणजे तिथेही धोरण असतंच, फक्त ते कार्यकारिणीनं ठरवलेलं नसतं.

आता साबण. पोझिशनिंग हा शब्द जाहिरातवाल्यांनी गाजवला हे खरं. पण व्यवसायधोरणाचे अभ्यासक मायकेल पोर्टर यांनी १९९६ च्या लेखात त्याचा गाभा वेगळाच मांडला : काय करायचं नाही, ते निवडणं. त्यांचं उदाहरण विमान कंपन्यांचं आहे. साउथवेस्टनं जेवण, ठरावीक आसनं, दुसऱ्या कंपनीच्या विमानात सामान चढवून देणं, सगळं सोडलं आणि एकाच प्रकारची विमानं झटपट फिरवली. कॉन्टिनेंटलनं तशीच स्वस्त सेवा काढली, पण जुनी पूर्ण सेवाही चालू ठेवली. एक ना धड, भाराभर चिंध्या. दोनेक वर्षांत ती स्वस्त सेवा गुंडाळावी लागली.

नफ्याचा संबंध नसलेलं उदाहरण हवं असेल तर ‘मार्च ऑफ डाइम्स’ पाहा. १९३८ मध्ये पोलिओविरुद्ध स्थापन झालेली ही अमेरिकी संस्था छोट्या छोट्या देणग्यांवर वाढली. १९५५ मध्ये साल्क यांची लस यशस्वी ठरली आणि संस्थेचं मूळ काम संपत आलं. (असं भाग्य किती संस्थांच्या वाट्याला येतं!) तिच्याकडे उरलं काय, तर गावोगावचे स्वयंसेवक आणि लोकांचा विश्वास. दिसेल त्या आजाराच्या मागे लागता आलं असतं. तिनं १९५८ मध्ये मुख्यतः जन्मजात व्यंगांकडे मोहरा वळवला आणि पुढे नवजात बाळांचं आरोग्य हीच तिची ओळख बनली. यात विक्रीचा भाग कुठे आहे? कोणासाठी आणि कशासाठी, याचं उत्तर नव्यानं दिलं, इतकंच.

सहा महिन्यांत पालटते ती परिस्थिती. त्यानुसार उपक्रम बदलावेत, बदलायलाच हवेत. म्हणूनच जाडजूड दस्तऐवजाचा आग्रह मी धरत नाही. आपण कोणासाठी आहोत, काय करणार नाही आणि कुठल्या गोष्टी खोट्या ठरल्या तर हे सगळं पुन्हा उघडायचं, एवढं एका पानावर मावतं.

राहता राहिलं ते ‘नाही म्हणायचं नाही’. इथे मात्र मी तुमच्याशी अजिबात सहमत नाही. निधी मर्यादित असलेली प्रत्येक संस्था नाही म्हणतेच. तुमच्याकडे तो नकार बहुधा वर्षअखेरीला, पैसे संपल्यावर आलेल्या माणसाच्या वाट्याला येतो, मग त्याची गरज सगळ्यात मोठी का असेना. पुढच्या बैठकीत गेल्या वर्षी परत पाठवलेल्या अर्जांची यादी मागवा, आणि प्रत्येक नावापुढे खरं कारण लिहा. यादी तयार झाली की इथेच कळवा; त्यावर पुढे बोलू.