नावाआधीचं ‘डॉ.’

फिजिओथेरपिस्टनं नावाआधी ‘डॉ.’ लावावं की नाही, हा आपल्याकडचा वाद मिटता मिटत नाही. एप्रिल २०२५च्या केंद्रीय अभ्यासक्रमानं लावायला मुभा दिली, नावानंतर ‘पीटी’ (फिजिओथेरपिस्ट) जोडून. ९ सप्टेंबरला आरोग्य सेवा महासंचालनालयानं ‘लावू नका’ असं पत्र काढलं आणि दुसऱ्याच दिवशी मागे घेतलं. तेव्हापासून आमच्या बीपीटीच्या (फिजिओथेरपीच्या पदवीच्या) बॅचच्या ग्रुपवर दुसरा विषय नाही.

मी इंग्लंडमध्ये एका जीपी सर्जरीत, म्हणजे फॅमिली डॉक्टरांच्या (जीपींच्या) दवाखान्यात, फिजिओ आहे. कंबर, खांदा, गुडघा म्हणून फोन आला की रिसेप्शनिस्ट पेशंट सरळ माझ्या यादीत टाकते, जीपीला मधे न घालता. कंबरवाल्याला आधी विचारायचं: लघवी अडतेय का, बसायच्या जागी बधिर वाटतंय का? ‘हो’ म्हणाला तर त्याच दिवशी इमर्जन्सी. बाकी बहुतेकांना एमआरआयची गरज नसते. भीती काढायची आणि हालतं करायचं. जादा प्रशिक्षण घेतलेल्या फिजिओला इथे २०१३पासून स्वतःच्या अधिकारात औषधंही लिहिता येतात. आणि गळ्यातल्या ओळखपत्रावर? नुसतं पहिलं नाव. (इथल्या वेटिंग लिस्टबद्दल ग्रुपवर मी अवाक्षर काढत नाही.)

भांडायचंच तर प्राथमिक आरोग्य केंद्रात फिजिओ सहसा नसतोच, यावर भांडा ना! आयुष्मान आरोग्य मंदिरांच्या सेवांत वृद्धांची काळजी आहे. पण पक्षाघात झालेल्या सासऱ्यांना खाटेवरून खुर्चीत कसं घ्यायचं, हे सुनेला कोण दाखवणार? लुळा हात धरून ओढू नका, खांदा निखळतो. दर दोन तासांनी कूस बदला, नाहीतर पाठीला जखमा होतात. एवढं सांगायला कुठलं मशीन लागतं? आशाताई घरोघरी जातातच, त्यांच्यासोबत महिन्यातून दोनदा फिजिओ जाऊ दे. हे मी ग्रुपवर लिहिलं. एक अंगठा आला. ‘डॉ.’वर त्या दिवशी शंभरावर मेसेज.

एका मैत्रिणीनं मात्र सुनावलं, ‘तिथे बसून बोलायला तुझं काय जातं? इथे ‘डॉ.’ नसलं की आम्ही मालिशवाल्या.’ फार लागलं. इंटर्नशिपमध्ये ‘ए सिस्टर, शेक दे’ मीही ऐकलंय, आणि परदेशचे फॉर्म त्याच वर्षी भरले होते. ग्रुपवर हे कधी सांगितलं नाही.

गेल्या वर्षी आईला पक्षाघाताचा झटका आला. मी पंधरा दिवस जाऊन आले. रजा तेवढीच होती. आता एक मुलगी घरी येऊन व्यायाम करून घेते, माझ्याहून बारा वर्षांनी लहान. परवा व्हिडिओ कॉलवर आई उठताना दिसली, सगळा भार उजव्या पायावर. म्हटलं, ‘आई, डावं पाऊल थोडं मागे घे, मग ऊठ.’

‘थांब गं,’ आई म्हणाली, ‘डॉक्टर आल्या की त्यांना विचारते.’