इकालुइट ते नूक: अंतर बरोबर, प्रवासाचा वेळ चूक

विमानतळांमधलं अंतर मोजून देणाऱ्या साइट्सवरून एक दावा पसरत राहतो: कॅनडाच्या नुनावुत प्रदेशाची राजधानी इकालुइट आणि ग्रीनलँडची राजधानी नूक यांच्यात फक्त ८२० किलोमीटर, म्हणजे विमानाने तासाभराचा प्रवास, अगदी शेजार.

आकडा खरा आहे. नकाशावर हे अंतर खूप मोठं दिसतं म्हणून काही जण त्यालाच खोटं ठरवतात, तेही बरोबर नाही. आपल्या सवयीच्या मर्केटर नकाशात ६४ उत्तर अक्षांशाजवळचा भाग, जिथे ही दोन्ही शहरं आहेत, सव्वादोन पटींहून जास्त ताणला जातो. प्रत्यक्षात हे साधारण मुंबई-बंगळुरूएवढंच अंतर.

‘तासाभरात’ मात्र चूक. ८२० ला जेटच्या ताशी ८०० ने भागलं की तास येतो, पण इथे जेट उतरणार होतं कुठे? इकालुइटची धावपट्टी अडीच किलोमीटरांहून लांब आहे; हा तळ मुळात दुसऱ्या महायुद्धात अमेरिकनांनी बांधला. नूकची धावपट्टी नोव्हेंबर २०२४ पर्यंत अवघी ९५० मीटर होती. विमान ठरतं ते आखूड धावपट्टीवरून. म्हणून या मार्गावर डॅश-८ सारखी पंख्यांची विमानं आली, वेग ताशी ५०० च्या आसपास. चढण्या-उतरण्यासह जवळपास दोन तास. आता नूकला २२०० मीटरची धावपट्टी आहे, जेट उतरू शकतं. पण इकालुइटची वस्ती सात हजारांच्या थोडी वर, नूकची वीस हजारांच्या घरात. ते जेट भरायचं कोणी?

वेळापत्रकातल्या वेळांची नुसती वजाबाकीही करू नये. उन्हाळ्यात इकालुइटचं घड्याळ नूकच्या तीन तास मागे असतं.

‘शेजार’ हा शब्द मला सगळ्यात जास्त खटकतो. दोन्हीकडे आर्क्टिकचे मूळ रहिवासी इनुइट लोक, एकाच कुळातल्या भाषा, मधे डेव्हिसची सामुद्रधुनी. पण विमानमार्ग आखले गेले ते आपापल्या सत्ताकेंद्रांच्या दिशेने: इकालुइटहून कॅनडाच्या राजधानीकडे, ओटावाला, आणि नूकहून ग्रीनलँड ज्या राज्याचा भाग आहे त्या डेन्मार्कच्या राजधानीकडे, कोपनहेगनला. २०१२ मध्ये सुरू झालेली थेट उन्हाळी सेवा काही हंगामांत बंद पडली. २०२४ च्या उन्हाळ्यात ती पुन्हा आली, तीही आठवड्यातून एकदा. थेट विमान नसेल तेव्हा इकालुइटहून आधी दोन हजार किलोमीटर दक्षिणेला ओटावा, तिथून माँट्रियल किंवा टोरांटो, मग अटलांटिक ओलांडून आइसलँड आणि परत पश्चिमेला नूक. सात हजार किलोमीटरांहून जास्त, आणि मधल्या मुक्कामांसह दोन दिवस सहज जातात. नूकला धुकं असेल तर विमान तीनशेवर किलोमीटर दूर कांगर्लुसुआकच्या विमानतळाकडे वळवावं लागू शकतं. नूकला दुसऱ्या गावाशी जोडणारा रस्ताच नाही, त्यामुळे कांगर्लुसुआकहून पुढे गाडी करून जाण्याची सोय नाही. इकालुइटचंही तसंच.

किलोमीटरचा आकडा देणाऱ्यांनी त्याच्या शेजारी एवढं तरी लिहावं: या मार्गावर सध्या विमान आहे का, आणि कोणत्या वारी.