गाडी कुणी थांबवली होती?

काका, ‘निअर डार्क’ या सिनेमावरच्या माझ्या लेखावर तुम्ही निपाणीहून लिहिलंत ते दोनदा वाचलं. सिनेमा फाटका, रक्त पिणाऱ्या पोरीचे फुकट लाड, आणि आपल्याकडे हडळ-जखीण असताना परदेशी पिशाच्चं कशाला, असा तुमचा सूर. शेवटी तर “असल्या पोरी पोरांना नासवतात” असंही म्हणालात. तिथं मी अडले.

सुरुवातीचा प्रसंग आठवा. उजाडत आलंय, आणि ऊन लागलं की ही पिशाच्चं जळतात. मे, म्हणजे ती रक्त पिणारी पोरगी, घाबरून कॅलेबला, तिच्यावर भाळलेल्या पोराला, म्हणते, मला लवकर घरी सोड. हा गडी काय करतो? गाडी थांबवतो आणि अडून बसतो, आधी मुका दे. मग ती चावते, आणि तोही पिशाच्च व्हायला लागतो. रस्त्यात अडवलं कुणी, काका? पुढं त्याच्या हातून शिकार होत नाही म्हणून तीच त्याला आपल्या मनगटाचं रक्त पाजते. जास्त प्यालास तर मी मरेन, हेही सांगते. त्या प्रसंगात मला लाड दिसले नाहीत. एकानं प्यायचं आणि दुसरीनं सुकत जायचं, असले संसार आपल्या गल्लीतही आहेत की.

आता फाटकेपणा. १९८७ चा हा सिनेमा सुमारे ५० लाख डॉलरांत झाला, हॉलिवूडच्या मानानं चिल्लर. दिग्दर्शिका कॅथरिन बिगेलोला खरं तर वेस्टर्न, म्हणजे काउबॉयचा सिनेमा, करायचा होता. त्या काळी वेस्टर्नला कुणी पैसे लावेना, म्हणून तिनं त्यात रक्तपिपासू घातले. (त्याच बाईंना २०१० साली दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळालं, बायकांमध्ये पहिलं.) गरिबीतून काय सुचतं बघा: भरदिवसा पोलीस या पिशाच्चांच्या लॉजमधल्या खोलीला वेढा घालतात, गोळ्यांनी भिंतीला भोकं पडतात, आणि त्या प्रत्येक भोकातून उन्हाची तिरीप आत घुसते. गोळीपेक्षा तिरीप जास्त भाजते! आणि एवढं सगळं होऊन अख्ख्या सिनेमात ‘व्हॅम्पायर’ हा शब्द कुणीही उच्चारत नाही.

परकं म्हणाल तर, नव्वदच्या दशकात आपल्या कर्नाटकात लोक दारांवर ‘नाळे बा’ लिहायचे ते विसरलात? भूत घरच्याच माणसाच्या आवाजात हाक मारतं, म्हणून त्याला ‘उद्या ये’ सांगायचं. लहानपणी शहापुरात आमच्या शेजारच्या दारावर ते खडूनं लिहिलेलं होतं. मला कन्नड वाचता येत नव्हतं, तरी संध्याकाळनंतर त्या दारापुढून मी पळतच जायची. आपलं माणूस बनून येणारी भीती मला त्या मे नावाच्या पोरीतही दिसली. ती काही अमेरिकेची मक्तेदारी नाही.

एका गोष्टीत मात्र तुम्ही बरोबर. बाटलीभर रक्त चढवलं की पिशाच्चपण उतरतं, हा शेवट मलाही पचला नाही. इतकं अंधारात नेऊन एकदम दवाखान्याचा इलाज! लेखात मी ते झाकलं, चूक माझी.

जत्रेच्या तंबूत पाहिलेल्या ज्या भुताच्या सिनेमाचं तुम्ही लिहिलंय, त्याचं नाव आठवलं तर कळवा. पडदा वाऱ्यानं हलायचा म्हणून भूतही हलायचं, हे वाचून मी एकटीच हसत बसले होते.